डोळे आलेत? मग हजेरीचा हट्ट नको

शिक्षक मित्रांनो, पालकहो, पावसाळा लागला की वर्गात एखादं मूल काळा चष्मा लावून येतं आणि बाकीची ओरडतात, "त्याच्याकडे बघू नका रे, डोळे येतील!" आपण मोठी माणसंही तेच मानतो. नुसतं बघून डोळे येत नाहीत. साथ पसरते मुख्यतः हातांनी. मूल डोळा चोळतं, तोच हात बाकाला, पेन्सिलीला, मित्राच्या वहीला लागतो आणि मित्र पुन्हा आपला डोळा चोळतो. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, एवढंच. चष्मा आहे म्हणून मुलाला शाळेत पाठवू नका.

२०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत शाळकरी मुलांमध्ये ही साथ झपाट्याने पसरली होती, आठवतंय ना? तरी आपण अजून शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देतो! माझ्या मते ते बंदच करावं. बक्षीस हुकेल म्हणून मूल लाल डोळे लपवतं.

विषाणूमुळे डोळे आले की डोळा लाल होतो, पाणी गळतं, वाळू गेल्यासारखं खुपतं. बहुतेक वेळा आधी एक डोळा येतो, मग दुसरा. सोबत सर्दी किंवा घसादुखी असू शकते. सतत घट्ट पिवळा पू येत असेल किंवा दोन्ही डोळ्यांना नुसती खाज असेल तर कारण वेगळं असू शकतं.

आता औषधाचं. विषाणूवर अँटिबायोटिक थेंब काम करत नाहीत. गेल्या वर्षीची उरलेली बाटली तर मुळीच नको. आणि स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांना न विचारता घातले तर नुकसान होऊ शकतं. मध, गुलाबपाणी, आईचं दूधही डोळ्यात घालू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून डोळे पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्या. टॉवेल, उशी, काजळाची डबी वेगळी ठेवा. साधारण एक-दोन आठवड्यांत डोळे बरे होतात. पाणी गळणं थांबेपर्यंत तरी मूल घरी राहू दे, अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. सर, मॅडम, हे आपल्यालाही लागू आहे. आपण रोज तीस-चाळीस वह्या हाताळतो.

डोळा खूप दुखत असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सहनच होत नसेल, किंवा तान्ह्या बाळाचे डोळे आले असतील तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनीही लेन्स काढून लगेच दाखवावं.