पहिला सामना चौथ्या दिवशी

जानेवारीत लेहमधले कारझू तळे घट्ट गोठले की तिथे आइस हॉकीचे दिवस सुरू होतात. गावोगावचे संघ, मुलींचे संघ, लष्कर आणि निमलष्करी दलांचे संघ, आणि अलीकडे ‘खालून’ येणारे पाहुणे संघही. लडाखच्या मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून या खेळाचे कुतूहल देशभर वाढले आहे. महाराष्ट्रात रोलर स्केटिंग शिकलेल्या मुलामुलींना तर चाकांवरून पात्यांवर जाण्याची हौस असतेच. मैत्रीपूर्ण स्पर्धेसाठी लेहला जाण्यात गैर काही नाही. गैर आहे ते अशा दौऱ्यांचे वेळापत्रक.

समजा, पुण्याचा दहा जणांचा हौशी संघ आहे. शुक्रवारी सकाळच्या विमानाने लेह, शनिवारी सकाळी पहिला सामना, रविवारी दोन सामने, सोमवारी परत. रजा वाचते, हॉटेलचे पैसे वाचतात. स्पर्धा भरवणाऱ्यांचीही अडचण खरी आहे. नैसर्गिक बर्फ खेळण्याजोगा राहतो तो जेमतेम दीड-दोन महिने, त्यात सगळे सामने बसवायचे असतात. पण शरीर या हिशेबात कुठेच धरलेले नसते.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते, मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. म्हणजे प्रत्येक श्वासातून रक्तात जाणारा प्राणवायू कमी. या उंचीवर नव्याने आलेल्या माणसाची जोरकस श्रम करण्याची कमाल क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने घटते. आइस हॉकी हा तर धापा टाकायला लावणारा खेळ. खेळाडू पाऊण ते एक मिनिट जीव तोडून पळतो आणि बदली खेळाडूला जागा देऊन बाकावर बसतो. मोठ्या स्पर्धांत वीसेक जणांचा संघ असतो म्हणून ही ये-जा जमते. दहा जणांत एक गोलरक्षक वजा केला की उरतात नऊ, त्यातले पाच सतत बर्फावर. दम परतायच्या आतच पुन्हा उतरायची वेळ येते.

यातला खरा धोका थकव्याचा नाही, फुप्फुसात पाणी भरण्याचा आहे. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याही सगळीकडे सारख्या नाहीत. मग उघड्या राहिलेल्या भागात रक्ताचा दाब वाढतो आणि केशवाहिन्यांतून द्रव वायुकोशांत झिरपतो. श्रम आणि थंडी या दोन्ही गोष्टी हा दाब आणखी वाढवतात. बर्फावरच्या सामन्यात दोन्ही भरपूर. हा त्रास बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, तोही रात्री उफाळतो.

‘आम्ही तर रोज धावतो’ हे उत्तर इथे कामाचे नाही. चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६० मध्ये या आजाराचे जे प्रसिद्ध वर्णन केले, त्यातला रुग्ण २१ वर्षांचा धडधाकट स्कीपटू होता. भारतीय लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांच्या अनुभवावर लिहिलेला, १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध आजही उंचीवरच्या आजारांच्या अभ्यासात आधाराला घेतला जातो. ते सगळे तरुण, कसलेले सैनिक होते. याच अनुभवातून लष्कराने शिस्त घालून घेतली: या उंचीवर पहिले सहा दिवस शरीर सरावू द्यायचे, त्यातले पहिले दोन विश्रांतीचे, पुढे सावकाश चालणे, चढ अगदी शेवटी. जवानाला जिथे दोन दिवस विश्रांती घ्यायला लावतात, तिथे कचेरीत बसून काम करणारा माणूस दुसऱ्या दिवशी हॉकी खेळतो. म्हणून स्पर्धेच्या नियमातच लिहायला हवे की बाहेरच्या संघाचा पहिला सामना चौथ्या दिवसाआधी होणार नाही. तिसऱ्या दिवशी फार तर हलके स्केटिंग. लष्कराच्या मापाने हीसुद्धा सवलतच आहे.

गोळ्यांवर विसंबून घाई करू नये. ॲसिटाझोलामाइड शरीराला सरावायला मदत करते, विश्रांतीची जागा घेत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. कोविडपासून घरोघरी आलेले ऑक्सिमीटरही इथे फसवे ठरते. ९५ चा परिचित आकडा लेहमध्ये नव्या पाहुण्याला क्वचितच दिसतो, त्यामुळे काही जण उगाच घाबरतात आणि काही जण ‘इथे असेच असते’ म्हणून खरी घसरणही सोडून देतात.

आकड्यापेक्षा खेळाडूकडे पाहावे. फुप्फुसात पाणी भरू लागल्याची पहिली खूण बहुधा एवढीच असते की कालपर्यंत बरोबरीने पळणारा आज मागे पडतो. मग कोरडा खोकला, पुढे बसल्या जागी धाप. हौशी संघात मागे पडणाऱ्याला ‘काय रे, झोप झाली नाही का?’ म्हणून डिवचले जाते आणि बदली कमी असल्याने तोही गप्प राहतो. डोकेदुखीचे तर आणखी अवघड. बर्फावर आपटल्यावर डोके दुखले, मळमळले, भोवळ आली, तर ते मेंदूला बसलेल्या हादऱ्याने की उंचीने, हे तळ्याकाठी उभे राहून कोणी सांगू शकत नाही. सुदैवाने त्या क्षणी ते ठरवायची गरजही नसते: दोन्ही बाबतींत खेळाडू बाहेर बसतो आणि डॉक्टरकडे जातो. हा निर्णय कर्णधारावर न सोडता पंचाच्या हाती द्यावा. मित्राला मित्र बाहेर बसवत नाही.

वेळीच ओळखले तर लेहच्या रुग्णालयात प्राणवायू आणि विश्रांतीने बहुतेक रुग्ण सावरतात. पण खाली उतरवायची वेळ आलीच, तर हिवाळ्यात खिंडी बर्फाने अडलेल्या असतात आणि विमान हवामानावर अवलंबून.

नियम करताना एक वर्ग हमखास सुटतो. दिल्ली-चंडीगडला शिकणारी लडाखी मुले हिवाळी सुटीत घरी येतात आणि दुसऱ्याच दिवशी गावाच्या संघातून उतरतात. उंचीवर जन्मलेला माणूसही काही आठवडे खाली राहून परतला, तर त्याच्या फुप्फुसात असेच पाणी भरू शकते, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण तो घरचाच मुलगा, त्यामुळे विमानातून कधी उतरलास, असे त्याला कोणी विचारत नाही.