नेत्रविकाराची रक्तातील साक्ष

डब्लिनचे वैद्य रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली ज्या व्याधीचे वर्णन केले, तिच्यात नेत्रगोल पुढे येतात, वरची पापणी मागे ओढली जाऊन बुबुळाच्या वरचा पांढरा भाग उघडा पडतो, आणि तरीही थायरॉईडच्या टीएसएच या रक्ततपासणीचा अहवाल क्वचित निर्दोष येतो. तेव्हा तेवढ्या एका कागदावर ‘थायरॉईड ठीक’ असा शेरा मारून प्रकरण दाखलदफ्तर करणे मला सर्वथा गैर वाटते. ॲडम्स आणि पर्व्हिस यांनी १९५६ मध्ये न्यूझीलंडमध्ये रुग्णांच्या रक्तात ज्या उत्तेजक द्रव्याचा माग काढला, ते पुढे थायरॉईडच्या पेशींना चेतवणारे प्रतिपिंड ठरले. त्याचे प्रमाण निदानास पुष्टी देते, आणि ते चढेच राहिले तर नेत्रविकार बळावण्याची धास्ती अधिक. परंतु हा आकडा म्हणजे अंतिम निकाल नव्हे. डोळा हलवताना दुखतो का, पापणी सुजली आहे का, अशी सात लक्षणे निरखून गुण दिल्यावाचून दाह चालू आहे की शमला, हे उमगत नाही. आणि शमलेल्या दाहावर स्टेरॉइडचा उपयोग तो काय? (धूम्रपानाने हा विकार वाढतो, हे कळायला मात्र कोणतीही तपासणी लागत नाही.) ज्यांचे डोळे अकारण वटारलेले दिसू लागले असतील, त्यांनी प्रतिपिंडांच्या तपासणीविषयी वैद्यांस अवश्य विचारावे, आणि रंग फिके भासू लागल्यास अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.