हेडिसचे वतन

ग्रीक पुराणकथांचा विषय निघाला की मराठीत एक वाक्य ठरलेले असते : हेडिस म्हणजे ग्रीकांचा यम. वर्गात ते उच्चारले जाते, उत्तरपत्रिकेत जसेच्या तसे उतरते आणि परीक्षकही त्यावर गुण देऊन मोकळा होतो. पाठोपाठ 'हेडिसच्या शक्ती' अशी यादी येते : मृत्यू देणे, पाप्यांचा न्याय करणे, त्यांना नरकयातना भोगायला लावणे आणि अदृश्य होणे. पैकी पहिली गोष्ट हेडिसची नाही, दुसरी आणि तिसरी बहुतांशी इतरांच्या आहेत आणि चौथी त्याच्या टोपीची आहे. चार कलमांच्या यादीत इतकी गफलत वर्षानुवर्षे सुखाने नांदते, याचा दोष ग्रीक भाषा न येण्याला देता येणार नाही. होमर आणि हेसिअड यांचे इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. ते उघडण्याचा कंटाळा, एवढेच खरे कारण आम्हांस दिसते.

प्रथम मृत्यूचे पाहू. ग्रीकांच्या कल्पनेत आयुष्याची दोरी मोइरा या नियतिदेवतांच्या हाती आहे आणि मृत्यू हा थॅनॅटोस नावाचा स्वतंत्र देव आहे. 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात झ्यूसचा पुत्र सार्पिडॉन रणात पडतो, तेव्हा त्याचा देह लिसियाला नेतात ते निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ. हेडिस त्या प्रसंगात कोठेच नाही. युरिपिडीसच्या 'अल्सेस्टिस' या इ. स. पू. ४३८ मधील नाटकात राणीला न्यायला येतो तो थॅनॅटोस आणि हेराक्लीस झोंबी घेतो तीही त्याच्याशीच. हेडिस कुणाचा प्राण घ्यायला दारी येत नाही. मेलेला माणूस त्याच्याकडे जातो.

आता न्याय आणि यातना. 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात मृतांचे तंटे सोडवतो तो मिनोस. टँटॅलस आणि सिसिफस यांच्या यातनांचे वर्णन तेथेच आहे, पण त्या देणारा म्हणून हेडिसकडे बोट दाखवलेले नाही. टार्टारसमध्ये टायटनांना कोंडले ते झ्यूसने आणि हेसिअडच्या म्हणण्यानुसार त्यांच्यावर पहारा आहे शंभर हातांच्या राक्षसांचा. प्लेटोच्या 'गॉर्जिअस'मध्ये तर हेडिस चक्क तक्रारदार आहे. आपल्याकडे भलतीच माणसे पाठवली जातात, अशी त्याची झ्यूसकडे तक्रार आहे. त्यावर झ्यूसच मिनोस, ऱ्हाडामँथस आणि ईॲकस यांना न्यायाधीश नेमतो.

याच्या विरोधात जाणारा एक पुरावा आहे आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिक ठरेल. एस्किलसच्या 'युमेनिडीस' (इ. स. पू. ४५८) या नाटकात सूडदेवता हेडिसचा उल्लेख माणसांचा हिशेब तपासणारा म्हणून करतात. पण तेथला शब्द पाहावा. अथेन्समध्ये पायउतार होणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कारभाराची तपासणी करणारा एक अधिकारी असे, त्याचेच हे पदनाम आहे. पाचव्या शतकातील अथेन्सने आपली लोकशाही तपासणी भूमीखाली नेऊन पोहोचवली, असा याचा आमच्या मते अर्थ होतो. एक दैवत काळाबरोबर कसे बदलते, हे शिकवण्याची ही केवढी नामी संधी! 'ग्रीकांचा यम' म्हणताच ती हातची जाते, कारण चित्रगुप्ताचा हिशेब आपल्या कानांना आधीच सवयीचा असतो.

मग हेडिसची सत्ता कोणती? 'इलियड'च्या पंधराव्या सर्गात पोसायडन सांगतो की तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश मिळाले, पोसायडनला समुद्र आणि हेडिसला अंधार. पृथ्वी आणि ऑलिंपस तिघांत सामाईक राहिले. तेथे 'तिमे' हा ग्रीक शब्द येतो. त्याचे भाषांतर 'शक्ती' असे केले की सगळेच बिघडते. 'तिमे' म्हणजे वाट्याला आलेला मान आणि हक्क. मराठीला यासाठी उसनवारी करण्याचे काही कारण नाही. आपल्याकडे 'वतन' हा शब्द आहे. वतनाला हद्द असते, मान असतो, हक्क असतात, आणि वतनदार आपल्या हद्दीबाहेर फारसा पाय टाकत नाही.

या वतनाचा मुख्य हक्क एकच : आत आलेले परत न देणे. हेसिअडने हेडिसच्या दारावरचा कुत्रा वर्णिला आहे. आत येणाऱ्यांपुढे तो शेपूट हलवतो आणि बाहेर पडू पाहणाऱ्याला फाडून खातो. त्याचा पहारा आतून आहे. 'इलियड'च्या नवव्या सर्गात अॅगॅमेम्नॉन बजावतो की हेडिस कशानेही वळत नाही, म्हणूनच माणसांना तो सर्व देवांत अप्रिय आहे. डिमीटरच्या होमरी स्तोत्रात झ्यूसची आज्ञा येताच हेडिस पर्सेफनीला निमूट जाऊ देतो, पण निघताना डाळिंबाचा एक दाणा तिच्या मुखात घालतो. आज्ञा पाळली गेली आणि वर्षाचा एक तृतीयांश हक्क शाबूत राहिला. हेडिसचे सारे चरित्र या एका दाण्यात आहे.

त्याच्या दुबळेपणाच्या कथाही तितक्याच बोलक्या आहेत. हेराक्लीसचा बाण लागल्यावर त्याला उपचारासाठी ऑलिंपसवर जावे लागते. देवांचे युद्ध जुंपते तेव्हा तो सिंहासनावरून ताडकन उठून ओरडतो, कारण भूमी दुभंगली तर आपले घर सर्वांना दिसेल, ही त्याला धास्ती आहे. अदृश्य करणारी टोपी त्याची खरी, पण 'इलियड'मध्ये ती घालते ॲथीना आणि गॉर्गनच्या कथेत पर्सियस. त्याच्याभोवतीचे अदृश्यपण यापेक्षा खोल आहे. लोक त्याचे नाव घ्यायला भितात आणि 'संपत्तिवान' अशा अर्थाने प्लूटो म्हणतात, असे प्लेटोच्या 'क्रॅटिलस'मध्ये म्हटले आहे. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनिअसने एलिस येथील हेडिसच्या देवळाची नोंद केली आहे. ते वर्षातून एकदाच उघडत असे आणि तेव्हाही आत जाई तो फक्त पुजारी.

आता यमाकडे वळू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौदाव्या सूक्तात यम हा परलोकाची वाट प्रथम शोधणारा, पितरांचा पूर्वसूरी आहे. हेडिस कधीच मर्त्य नव्हता. महाभारताच्या वनपर्वात यम पाश घेऊन जातीने येतो. सावित्री त्याच्यामागून चालत धर्माविषयी बोलते आणि तो एकेक वर देत जातो. कठोपनिषदात तो नचिकेत्याला ज्ञान देतो. यमाशी बोलता येते, कारण तो स्वतः धर्माने बांधलेला आहे. हेडिस बांधलेला आहे तो आपल्या वाटणीने, आणि वाटणीशी वाद कसा घालणार? अल्सेस्टिस परत येते ती मनगटाच्या जोरावर. युरिडिसी ऑर्फियसच्या गाण्यामुळे सुटते खरी, पण व्हर्जिल आणि ओव्हिड या रोमन कवींनी सांगितलेल्या त्या कथेतही अट घातली जातेच आणि तिच्यापायी ती पुन्हा जाते. 'पाताळाचा राजा' हा पर्यायही असाच फसवा आहे. आपले पाताळ नागांचे आणि दैत्यांचे. मृतांची वस्ती तेथे नाही.

यावर आमचे काही सहव्यवसायी म्हणतील की विद्यार्थ्याला ओळखीचे काहीतरी द्यावे लागते, नाहीतर तो आत शिरणार कसा? मान्य आहे. ओळखीचा उंबरठा हवाच, पण तासभर उंबरठ्यावरच बसवून ठेवणे म्हणजे शिकवणे नव्हे. डिस्नेच्या १९९७ सालच्या 'हर्क्युलिस' चित्रपटाने हेडिसला ऑलिंपसचे राज्य बळकावू पाहणारा खलनायक केले. ते करमणुकीसाठी होते. आपल्या अभ्यासक्रमाला ती सबब नाही. तुलनात्मक साहित्य म्हणून जे शिकवले जाते, ते जर प्रत्येक परक्या दैवताला घरचे नाव देऊन थांबत असेल, तर विद्यार्थ्याला ना ग्रीस समजते ना आपला यम. सावित्रीचे यमाशी बोलणे किती विलक्षण आहे, हे कळण्यासाठी तरी हेडिसचे न बोलणे आधी समजले पाहिजे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. 'हेडिसच्या शक्ती लिहा' हा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून जावा. त्याजागी असे विचारावे : हेडिसच्या दारावरचा कुत्रा आत येणाऱ्याला का अडवत नाही? याचे उत्तर गाइडमध्ये मिळणार नाही. त्यासाठी हेसिअड वाचावा लागेल, आणि तो आधी प्रश्न काढणाऱ्याने वाचावा.