झाडाला ऊन लागतं तेव्हा

लग्न होऊन वर्ध्याला आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातून भेंडीची अकरा रोपं गेली. पाणी घालून घालून गेली. मी मूळची पुण्याची. पारा चाळिशीच्या आतबाहेर आणि संध्याकाळी गार वारा, इतकाच उन्हाळा मला ठाऊक होता. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि रात्री जेवणं उरकली तरी भिंतीला हात लावला की चटका बसतो. दुपारी दोनला परसात डोकावलं की भेंडीनं माना टाकलेल्या असायच्या. मी बादली घेऊन धावायचे. आठ-दहा दिवसांत रोपं बुडाकडून पिवळी पडत गेली. उपटून पाहिली तर मुळं काळपट आणि मऊ.

सासूबाई ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, “तिले तहान नाही लागली वं, ऊन लागलं तिले. माणसाले ऊन लागलं तर तू त्याले उन्हातच उभं करून पाणी पाजशीन का? आधी सावलीत नेशीन ना?”

गेली अठरा वर्षं मी त्याच बोलण्यावर बाग करते आहे. दर मेमध्ये ओळखीतलं कुणी ना कुणी म्हणतं, की विदर्भात उन्हाळ्यात बाग बंदच ठेवावी. मला ते मुळीच पटत नाही. बाग पाण्यावर तगवायची म्हटली तर ती खरंच बंद पडते. सावलीवर तगवायची म्हटली, की पाणीही निम्म्यानं पुरतं.

भरदुपारी पानातून जितकं पाणी उडतं तितकं मुळांना ओढून देता येत नाही. मग जमिनीत ओल असली तरी पानं लोंबतात. लोंबलेल्या पानावर ऊन कमी पडतं, म्हणजे झाड आपल्या परीनं अंग चोरत असतं. दिवेलागणीला तेच झाड ताठ उभं दिसतं. म्हणून पाण्याचा निकाल मी दुपारी कधीच लावत नाही. सकाळी सहाला जे झाड मान खाली घालून आहे, ते खरं तहानलेलं. त्याच्याही मातीत आधी बोट घालून बघायचं. दोन पेरं खाली ओल लागली तर हात आवरायचा. ओल्या, तापलेल्या मातीत आणखी पाणी ओतलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. उन्हात पडलेल्या नळीतलं पहिलं पाणी तर हात भाजेल इतकं कढत असतं, ते आधी बाजूला सोडून द्यावं लागतं.

सावलीसाठी आता बाजारात हिरवी जाळी मिळते. निम्मं ऊन अडवणारी भाज्यांना पुरते, त्याहून दाट नको. पण आमचा भाग कापसाचा आणि तुरीचा. उन्हाळा लागेपर्यंत शेतं रिकामी होतात आणि पऱ्हाट्या-तुराट्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. चार बांबू रोवायचे, वर त्या पसरायच्या, की मांडव तयार. पूर्वेची बाजू मी उघडी ठेवते, कारण सकाळचं ऊन झाडाला हवंच असतं. डोक्यावर आणि पश्चिमेला मात्र आडोसा पक्का करते. खाली मातीवर गव्हाचं कुटार चार बोटं जाड पसरते. दुपारी एक हात उघड्या मातीवर आणि दुसरा कुटाराखाली घालून पाहावा; फरक सांगावा लागत नाही. फक्त बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडते, नाहीतर उधई येते.

वेलांच्या आळ्यात मडकी पुरलेली आहेत. कच्चं नव्हे, नीट भाजलेलं पण बिनरंगाचं, बिनरोगणाचं मडकं हवं. ते गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण ठेवायचं. माती सुकेल तसं पाणी तिच्यात झिरपत जातं. सुरुवातीला मी घरातला जुना माठ पुरला होता, पाणी गार होत नाही म्हणून काढून टाकलेला. तो काही झिरपेना. नंतर लक्षात आलं, की गार होत नाही याचा अर्थच त्याची छिद्रं क्षारांनी बुजली आहेत. तेव्हापासून मडकं नवंच आणते.

क्षारांनी मला आणखी एकदा रडवलं. पाण्याची चणचण होती म्हणून कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मी रोज वांग्यांना घालत होते. वाया जायचं ते झाडाला जाईल, असा चांगलाच विचार होता. पंधरवड्यात पानांच्या कडा करपल्या. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. रोज नवं पाणी भरत गेलं की टाकीतलं पाणी खारट होत जातं, त्यात आमची बोअर मुळातच जड पाण्याची. विदर्भात घरोघरी कूलर आहेत, म्हणून हे कळकळीनं लिहिते आहे. ते पाणी अंगण धुवायला वापरा, भाजीला नको.

मे महिन्यात काय लावू नये हेही मी हट्ट करून करूनच शिकले. कोथिंबीर चार पानं येताच फुलावर जाते. टोमॅटो फुलतो, पण पस्तिशीच्या पुढच्या उन्हात त्याचे परागकण निकामी होतात आणि फुलं देठातून गळतात. त्यात खत कमी पडलं असं काही नसतं, तेव्हा खत ओतू नये. गवार, चवळी, भेंडी मात्र तग धरतात. भेंडीत मी परभणी क्रांती लावते. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग पांढरी माशी पसरवते आणि उन्हाळ्यात ती फार. त्या रोगापुढे टिकावी म्हणूनच परभणीच्या कृषी विद्यापीठानं हे वाण काढलं.

आणि चवळाई, घोळ! या दोघींवर माझा फार जीव आहे. चवळाईची अन्न तयार करण्याची रीतच कडक उन्हाला साजेशी आहे, थोड्या पाण्यात ती भराभर वाढते. घोळीचं आणखी नवल. पाण्याची फारच ओढ झाली की ती दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडून हवा आत घेते. लोक हिला तण म्हणून उपटून फेकतात, तेव्हा मला वाईट वाटतं. मुगाची डाळ घालून केलेली आंबटसर घोळ आणि ज्वारीची भाकरी, उन्हाळ्यात मला दुसरं काही नको.

ज्यांची बाग गच्चीवर आहे त्यांचा स्लॅब खालून भाजतो. कुंड्या विटांवर ठेवा, एकमेकींना चिकटवून ठेवा, बाहेरच्या रांगेला ओलं गोणपाट गुंडाळा. काळ्या पिशव्या शक्यतो नकोतच.

या आठवड्यात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानले जाणारे नऊ दिवस, लागतोय. मांडवावर दुधी चढला आहे. उन्हानं त्याला नर फुलंच जास्त येतात, आणि फुलं उमलतात तिन्हीसांजेला, मधमाश्या घरी परतल्यावर. मग ते काम आपण करायचं. नर फूल खुडून पाकळ्या मागे सारायच्या आणि मागे बोटाएवढा दुधी घेऊन उमललेल्या मादी फुलावर त्याचा पराग अलगद टेकवायचा. चार-पाच दिवसांत तो बोटाएवढा दुधी धरला की नाही ते कळतं. नाही धरला तर पिवळा पडून गळतो.

सासूबाईंना आता वाकवत नाही. त्या टॉर्च धरतात आणि खालून वेलभर प्रकाश फिरवत फुलं मोजतात. काल दोन होती. आज त्यांनी आत्ताच हाक मारली, “ये वं लवकर, तीन हायेत.”