भिंतीवरचें पंचांग

गंगाखेडसारख्या गोदाकांठच्या गांवीं तिथीवांचून कोणाचें चालत नाहीं. एकादशी कधीं धरावी, श्राद्धतिथि केव्हां येते, हें पूर्वीं जोशीबुवांस विचारावें लागे. किंवा घरांतील एखादे वडील चष्मा पुसून देव्हाऱ्याजवळचें पंचांग उघडीत. आतां लहान मूलही भिंतीकडे पाहून तिथि सांगतें. हा पालट एका मराठी कुटुंबाच्या धंद्यानें बराचसा घडविला. त्याची हकीकत आमच्या वाचक-भगिनींस व बंधूंस उपयुक्त वाटेल.

आपल्या भिंतीवर आधीं आलें तें छापील चित्र. राजा रविवर्मा व त्यांचे धाकटे बंधु राजवर्मा यांनीं 1894 सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. लक्ष्मी-सरस्वती घरोघरीं पोंचल्या, परंतु कर्ज वाढत गेलें, आणि अखेर तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. त्याच्या हातीं तेथून चित्रांचीं पोस्टकार्डें व कॅलेंडरेंही निघालीं. अशा कॅलेंडरांनीं भिंतीला शोभा आली. तिथीसाठीं मात्र बहुधा पंचांगच उघडावें लागे.

हें अंतर मालवणांत जन्मलेले जयंतराव साळगांवकर यांनीं 1973 सालीं ‘कालनिर्णय’ काढून मिटविलें. तारीख व तिथि एका चौकोनांत आलीं. हिंदूंच्या सणांबरोबर मुसलमान, ख्रिस्ती आदिकरून इतरांचेही सण आले. पानांच्या पाठीवर लेख व पाककृति आल्या. पुढें नऊ भाषांत आवृत्त्या निघाल्या. 2013 सालीं जयंतराव निवर्तले. त्यांच्यामागें हें काम कुटुंबानेंच चालविलें आहे.

चित्र पिढ्यान्‌पिढ्या टांगतां येतें. दिनदर्शिका बारा महिन्यांनीं उतरते. म्हणजे हा धंदा दरसाल गिऱ्हाइकापुढें नव्यानें परीक्षेस बसतो. एक तिथि चुकली तर हजारों घरांतील व्रत चुकतें. आणि गेलेला विश्वास वडिलांच्या नांवावर परत मिळत नाहीं.

या कामीं किती बारकावा लागतो, तें आपल्या गांवावरूनच पाहावें. मुंबई व गंगाखेड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. पण गंगाखेड सुमारें चार अंश पूर्वेस. एका अंशास चार मिनिटें, या हिशेबानें आपल्याकडे सूर्य व चंद्र पाव तास आधीं उगवतात. तिथि मात्र सर्व देशांत घड्याळाच्या एकाच क्षणीं संपते. ती जर नेमकी या पाव तासांत संपली, तर गंगाखेडास सूर्योदयाची तिथि एक, व मुंबईस दुसरी!

म्हणून दिनदर्शिकेंतील चंद्रोदय कोणत्या गांवचा दिला आहे, हें संकष्टीस अवश्य पाहावें. मुंबईची वेळ धरून बसल्यास चंद्र अंगणांत येऊन उभा राहतो, आणि दिवसभर उपाशी असलेल्या सूनबाई आंत घड्याळाकडे पाहत ताटकळतात.

वडिलार्जित धंदा ज्यांच्या घरीं आहे, त्यांनीं यावरून एवढेंच घ्यावें कीं, वारशानें दुकान मिळतें, पत मिळत नाहीं. ती दिनदर्शिकेसारखी दर वर्षीं नव्यानें मांडावी लागते.