गिऱ्हाईक घरी जाऊन काय सांगतं?

सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलमधला लाँग बार जगप्रसिद्ध आहे. १९१५ साली न्याम टाँग बून या बारटेंडरने ‘सिंगापूर स्लिंग’ हे कॉकटेल इथेच बनवलं, असं हॉटेल सांगतं. टेबलावर भुईमुगाच्या शेंगा, आणि टरफलं खुशाल जमिनीवर टाकायची. तेही रस्त्यावर कचरा टाकला की दंड होतो त्या शहरात! “ड्रिंक महाग, फार गोड” म्हणणारेही टरफलांचा किस्सा घरी सांगतातच.

पण माझं मत स्पष्ट आहे. शंभर वर्षांचं नाव असलं की गिऱ्हाईक गोडी-महागाई पोटात घालतं. आपली नव्या दुकानदारांची चूक कोण पोटात घालणार? आधी माल चोख ठेवा, हसून बोला. मगच किस्सा शोधा.

तुमच्या दुकानातली ‘टरफलं’ कोणती? आजच वहीत लिहा.