दोन कचेऱ्यांतील उमेदवार

कचेरी हा शब्द आपण मराठी माणसे उच्चारतो तेव्हा डोळ्यांपुढे मामलेदार, शिरस्तेदार, तांबड्या फडक्यात बांधलेली दफ्तरे आणि व्हरांड्यात ताटकळत बसलेले अर्जदार उभे राहतात. परंतु हाच शब्द चेन्नईत येऊन ‘कच्चेरी’ झाला आणि त्याचा अर्थ गायनाची बैठक असा कायम झाला, हे येथे आल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मला ठाऊक नव्हते. मैलापुरातल्या एका गृहस्थांनी ‘उद्या दुपारी कच्चेरीला चला’ असे अगत्याने सांगितले, तेव्हा मी भाडेकराराच्या दोन नकला आणि ओळखपत्र पिशवीत घालून वेळेवर हजर झालो होतो.

२०२५ साली तमिळ मार्गळी मासाचा पहिला दिवस १६ डिसेंबरला आला. त्या मासाच्या आगेमागे येथील सभागृहांमध्ये दुपारपासून रात्रीपर्यंत गाणे चालते, आणि योगायोग असा की त्याच दिवशी दुपारी अबू धाबीत आय.पी.एल.च्या खेळाडूंचा लिलाव होता. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे काका (व्यंकोजीराजांच्या मागून तंजावरास आलेल्या घराण्यातले, महालेखापालांच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, घरात अद्याप मराठी बोलणारे, मात्र ते मराठी कानाला आपल्या आजीच्या आजीचे वाटावे असे) त्या दुपारी गाण्याला न जाता दूरचित्रवाणीपुढे बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर त्यांची ती वही होती.

चेन्नई सुपर किंग्ज संघ २००८ साली उभा राहिला तेव्हापासूनची नावनिशी या वहीत आहे: खेळाडूचे नाव, रुजू झाल्याचे साल, मुशारा, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ज्याला संघाने मोकळे केले त्याच्या नावावर तांबड्या शाईची आडवी रेघ. जो स्वतः निवृत्त झाला त्याच्यापुढे ‘सेवापूर्ती’. त्या वर्षीच्या ऑगस्टात अश्विनने आय.पी.एल.ला रामराम केला तेव्हा तो शेरा काकांनी फार निगुतीने लिहिला, कारण तो या शहराचाच मुलगा. नोव्हेंबरात मात्र तांबड्या शाईला उसंत नव्हती. पाच विजेतेपदे नावावर असलेला हा संघ २०२५ च्या हंगामात चौदांपैकी अवघे चार सामने जिंकून इतिहासात प्रथमच तळाला, म्हणजे दहाव्या स्थानी, राहिला होता, आणि अशा नामुष्कीनंतर दौलतीत होते तेच येथे झाले: पतिराना, कॉनवे, रचिन रवींद्र, आपल्या महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी, एकामागून एक फारकती.

जडेजाच्या नावापाशी काका अडले होते. २०१२ पासून, संघावरील बंदीची मधली दोन वर्षे सोडता, जो या संघात राहिला, २०२३ च्या अंतिम सामन्यात अहमदाबादेस मध्यरात्र उलटून गेल्यावर दोन चेंडूंत दहा धावा हव्या असताना ज्याने एक षटकार आणि एक चौकार मारून करंडक आणला, त्याला सॅम करनसह राजस्थानच्या संघाला देऊन संजू सॅमसनला घ्यावे, आणि मुशारा अठरा कोटींवरून चौदा कोटींवर उतरवून तो रवाना व्हावा, ही गोष्ट कोणत्या रकान्यात बसवायची? तांबडी रेघ ओढावी तर तो बडतर्फ नव्हे. सेवापूर्ती म्हणावी तर तो अजून खेळतोच आहे. अखेर त्यांनी निळ्या शाईने एकच शब्द लिहिला: ‘बदली’. तो अन्वर्थक आहे खरा. अमेरिकेतील बेसबॉलच्या धंद्यात अशा बदल्या शतकभर सर्रास होत आल्या, आणि १९६९ साली बदली झालेल्या कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूने ‘मला न विचारता मला दुसऱ्या शहरी धाडणारे तुम्ही कोण’ या मुद्द्यावर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, तरी १९७२ साली निकाल त्याच्या विरुद्धच गेला. आमच्याकडे निदान खेळाडूची संमती घ्यावी लागते. जडेजा २००८ साली राजस्थानकडूनच प्रथम खेळला होता, त्यामुळे ही बदली माहेरची म्हणता येईल; पण काकांना हे समाधान पुरले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

आता उमेदवारांचे. जुन्या कचेरीत उमेदवार म्हणजे निवडणुकीला उभा राहिलेला इसम नव्हे. जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी बसून नकला करणारा, वरिष्ठांचे हस्ताक्षर गिरवणारा तरुण म्हणजे उमेदवार. चेन्नईच्या गाण्यातही तीच रीत आहे: नवोदितांना दुपारची वेळ, बहुधा विनामूल्य प्रवेश, समोर पेंगुळलेले पेन्शनर, संध्याकाळची तिकिटाची बैठक मिळायला वर्षे जातात. सुपर किंग्जचा कर्णधार, आपल्या पिंपरी-चिंचवडचा ऋतुराज गायकवाड, याच रीतीने वर आला. वीस लाखांना घेतलेला हा मुलगा २०१९ चा सबंध हंगाम एकही सामना न खेळता बसून राहिला. २०२० मध्ये आजारातून उठून मैदानात आला तो पहिल्या तीन डावांत शून्य, पाच, शून्य. मग हंगामाच्या शेवटी सलग तीन अर्धशतके, आणि २०२१ मध्ये सर्वाधिक, म्हणजे ६३५ धावा. त्या शून्यांच्या वेळी त्याची किंमत वीस लाखांऐवजी वीसपट असती तर त्याला चौथा डाव मिळाला असता की नाही, याची मला शंका आहे.

उमेदवारीच्या माझ्या या सिद्धांताला विरारचा आयुष म्हात्रे छेद देतो, हे कबूल केले पाहिजे. लोकलने मुंबईची मैदाने गाठत वाढलेला हा मुलगा, २०२५ च्या एप्रिलात ऋतुराजचे कोपर दुखावले म्हणून हंगामाच्या मध्यावर आला, सतराव्या वर्षी वानखेडेवर पंधरा चेंडूंत बत्तीस धावा करून गेला, आणि दोन आठवड्यांच्या आत बंगळुरूत चौऱ्याण्णव. उमेदवारी कसली ती नाहीच. पण तोही तीस लाखांचा होता. त्याच्याकडून कोणी काही मागितले नव्हते, आणि न मागता देण्यात जी मौज असते ती त्या फटक्यांत दिसत होती.

लिलावात मात्र संघाने अमेठीचा वीस वर्षांचा डावखुरा फिरकीपटू व अष्टपैलू प्रशांत वीर आणि राजस्थानचा एकोणीस वर्षांचा यष्टिरक्षक कार्तिक शर्मा यांना प्रत्येकी चौदा कोटी वीस लाखांना घेतले. दोघांची मूळ बोली तीस लाखांची, दोघांनीही तोवर भारताची टोपी घातलेली नव्हती, आणि अशा खेळाडूला यापूर्वी दहा कोटींपलीकडे कोणी नेले नव्हते. गाठीला असलेल्या ४३ कोटी ४० लाखांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास रक्कम या दोन मुलांवर गेली. मुंबईच्या सर्फराज खानसारखा रणजीत धावांच्या राशी ओतलेला गडी पुढे पाऊण कोटीत मिळाला. एके काळी म्हाताऱ्यांचा संघ म्हणून ज्याची थट्टा झाली, त्याने तरुणांकडे वळावे हे योग्यच. माझी तक्रार वयाशी नाही, किमतीशी आहे. चौदा कोटींच्या मुलाला दुपारच्या बैठकीत कोण बसू देईल? त्याने पहिल्याच दिवशी संध्याकाळचे गाणे गायचे, आणि दोन डाव फुकट गेले की चेपॉक मैदानावरच्या पिवळ्या गर्दीने त्याच्या मुशाऱ्याचा भागाकार मांडायचा.

लिलाव आटोपल्यावर काकांनी वहीचे नवे पान उघडले. सॅमसन, अकील हुसेन, राहुल चहर ही नावे शाईने उतरवली. मग कपाटातून एक आखूड पेन्सिल शोधून आणली, ब्लेडने टोक काढले, आणि दोन्ही मुलांची नावे तिनेच लिहिली. मुशाऱ्याचा आकडा मात्र शाईने.

मी कारण विचारले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिले, घड्याळ पाहिले, आणि म्हणाले, “उद्या दोन वाजता एक पोरगी गाणार आहे, शेवटी अभंगही म्हणते म्हणे. येतोस?”